म्हातारपणाची शिदोरी आणि वर्णाची भिंत : अमेरिकेतील निवृत्ती-बचतीतील वांशिक विषमता

हातपाय थकल्यावर माणसाने कशावर जगायचे? अमेरिकेत या प्रश्नाची तीन उत्तरे दिली जातात. सरकारची सोशल सिक्युरिटी ही निवृत्तिवेतन योजना, नोकरीतून मिळणारी पेन्शन किंवा बचत खाते, आणि स्वतःची मालमत्ता, म्हणजे मुख्यतः घर. या तिन्ही आधारांच्या नियमांत आज कुठेही वर्णाचा उल्लेख नाही. तरीही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबांच्या हाती म्हातारपणी येणारी रक्कम गौरवर्णीय कुटुंबांच्या तुलनेत फारच तोकडी असते. कायद्यासमोर सगळे समान असताना असे का होते, हे समजून घेणे आपल्या चळवळीतील तरुणांसाठी गरजेचे आहे असे आम्हाला वाटते. कायद्यातील समानता आणि खिशातील समानता यांतील अंतर आपल्याही रोजच्या अनुभवाचे आहे.

आकडे काय सांगतात

अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, दर तीन वर्षांनी कुटुंबांच्या आर्थिक स्थितीची पाहणी करते. २०२२ च्या पाहणीनुसार गौरवर्णीय कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती. हिस्पॅनिक कुटुंबाची ६१,६०० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. मध्यक म्हणजे सर्व कुटुंबे संपत्तीच्या क्रमाने रांगेत उभी केली तर बरोबर मधोमध येणाऱ्या कुटुंबाचा आकडा. मूठभर अब्जाधीशांमुळे सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही, म्हणून तो अधिक खरा. या हिशोबाने गौरवर्णीय कुटुंबाकडे कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सहापटीहून अधिक संपत्ती आहे.

निवृत्तीसाठीच्या खात्यांचे चित्रही तसेच आहे. ज्यांच्याकडे असे किमान एक खाते आहे, अशा कुटुंबांचे प्रमाण गौरवर्णीयांत सुमारे ६२ टक्के, कृष्णवर्णीयांत सुमारे ३५ टक्के आणि हिस्पॅनिकांत सुमारे २८ टक्के आहे. म्हणजे दर तीन कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी जवळपास दोन कुटुंबांकडे असे खातेच नाही. खात्यात किती पैसे आहेत हा त्यानंतरचा प्रश्न.

बुडालेली बँक, नाकारलेली पेन्शन

"या लोकांना बचतीची सवयच नाही" असे सहज म्हटले जाते. इतिहास नेमके उलटे सांगतो.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपत असताना अमेरिकी संसदेने मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन केली. सैनिक, धोबिणी, शेतमजूर, मोलकरणी यांनी तिच्यात पै-पैसा ठेवला. बँकेमागे सरकार उभे आहे, अशी खातेदारांची समजूत होती. प्रत्यक्षात ठेवींना सरकारी हमी नव्हती. विश्वस्तांनी जोखमीची कर्जे वाटली, त्यात १८७३ ची आर्थिक मंदी आली आणि जून १८७४ मध्ये बँक बंद पडली. सुमारे ६१,००० खातेदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. काहींना पुढे अनेक वर्षांनी थोडाफार परतावा मिळाला, अनेकांना काहीच नाही. बँक बुडण्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. मुक्ती मिळाली होती, पण मुक्तीनंतरची पहिली पुंजी लगेच बुडाली.

त्यानंतर पेन्शनची मागणी पुढे आली. यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांना सरकार पेन्शन देत होते. मग ज्यांनी जन्मभर बिनमोल राबून देश उभा केला, त्या वृद्ध गुलामांना पेन्शन का नाही? टेनेसी राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या कॅली हाउस या धोबीण विधवेने १८९० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न घेऊन देशव्यापी संघटना बांधली. वर्गणीतून आजारी सभासदांना मदत आणि मयतांच्या अंत्यविधीचा खर्चही ही संघटना करत असे. सरकारने मागणी मान्य केली नाही. उलट सरकार कधीच देणार नाही अशा पेन्शनचे आमिष दाखवून पैसे गोळा केले, असा आरोप ठेवून १९१७ मध्ये कॅली हाउस यांनाच टपालाद्वारे फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात पाठवले.

१९३५ चा कायदा आणि वगळलेले कामगार

महामंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. कामगार आणि मालक दोघांनी पगारातून वाटा द्यायचा आणि वृद्धापकाळी कामगाराला दरमहा रक्कम मिळायची, अशी ही योजना. आज प्रत्येकी ६.२ टक्के असा हा वाटा आहे.

पण या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. त्या काळी कृष्णवर्णीय कामगार बहुसंख्येने याच दोन कामांत होते. सुमारे ६५ टक्के कृष्णवर्णीय कामगार त्यामुळे योजनेबाहेर राहिले. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी विधेयक मंजूर होण्याआधीच सिनेटच्या समितीपुढे इशारा दिला होता, की हे विधेयक चाळणीसारखे असून बहुतेक कृष्णवर्णीय त्याच्या भोकांतून खाली गळून पडतील.

या वगळण्यामागच्या कारणांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. दक्षिणेकडील राज्यांच्या पुढाऱ्यांना स्वस्त कृष्णवर्णीय मजूर हातचा जाऊ द्यायचा नव्हता, असे काहीजण मांडतात. विखुरलेल्या शेतांवरून आणि घराघरांतून वर्गणी गोळा करणे प्रशासनाला कठीण वाटत होते, असे इतरांचे म्हणणे आहे. वगळलेल्यांत संख्येने गौरवर्णीय अधिक होते, हेही ते दाखवून देतात. हेतू काहीही असो, परिणामाबद्दल वाद नाही. नियमित काम करणाऱ्या शेतमजुरांना आणि घरकामगारांना योजनेत घेतले गेले ते १९५० च्या दुरुस्तीने, आणि १९५४ मध्ये व्याप्ती आणखी वाढली. या पंधरा-वीस वर्षांत हजारो माणसे राबून म्हातारी झाली आणि रिकाम्या हाताने मुलांच्या आधाराला आली. मुलांची बचत आईवडिलांच्या पोटापाण्याला गेली. वारसा केवळ संपत्तीचाच मिळतो असे नाही, कमतरतेचाही मिळतो.

मेम्फिसचे सफाई कामगार

१ फेब्रुवारी १९६८ रोजी टेनेसीतील मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीतील यंत्रात चिरडून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार मरण पावले. त्यानंतर सुमारे १,३०० सफाई कामगार संपावर गेले. "मी माणूस आहे" हे शब्द लिहिलेले त्यांचे फलक जगभर गाजले. याच संपाला पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी तिथे हत्या झाली. संप यशस्वी झाला, युनियनला मान्यता मिळाली.

या लढ्याचा नंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. संपानंतर या कामगारांसाठी शहराच्या पेन्शन योजनेऐवजी सोशल सिक्युरिटीचा मार्ग पत्करला गेला. पुढे ती रक्कम अपुरी पडू लागली आणि त्यांपैकी काहीजण ऐंशी ओलांडल्यावरही कचऱ्याच्या गाडीवर काम करत राहिले. २०१७ मध्ये, संपाला पन्नास वर्षे होत आली असताना, शहराने हयात असलेल्या संपकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर देण्याचे जाहीर केले. नंतर ही रक्कम ७०,००० करण्यात आली. तोपर्यंत बहुतेकजण जगातून निघून गेले होते. सन्मानाच्या लढाईत म्हातारपणाचा हिशोबही आधीच मांडावा लागतो, हे मेम्फिसने दाखवून दिले.

पेन्शनकडून खात्याकडे

विसाव्या शतकाच्या मध्यात मोठ्या कारखान्यांत आणि सरकारी नोकऱ्यांत ठरावीक पेन्शन मिळे. किती मिळणार हे आधीच ठरलेले असे आणि जोखीम मालकाची असे. १९७८ च्या करकायद्यात एक कलम आले, '४०१ (के)'. त्याआधारे १९८० च्या दशकापासून कंपन्यांनी पेन्शनऐवजी खाते पद्धत आणली. कामगाराने पगारातून पैसे टाकायचे, मालकाने इच्छा असल्यास काही भर घालायची, पैसे शेअर बाजारात गुंतवायचे आणि शेवटी जे साठेल ते घेऊन घरी जायचे. जोखीम आता कामगाराची झाली. आज खासगी क्षेत्रात ठरावीक पेन्शनची सोय केवळ सुमारे १५ टक्के कामगारांना उरली आहे.

वर्णभेदविरोधी कायदे १९६४ मध्ये झाले. त्यानंतर कृष्णवर्णीयांना कारखान्यांत आणि कार्यालयांत चांगल्या नोकऱ्यांची दारे उघडू लागली. ती पुरती उघडेपर्यंत आतली पेन्शन संपायला लागली होती. टपाल खाते, शाळा, नगरपालिका अशा सरकारी नोकऱ्यांत मात्र पेन्शन टिकली, आणि कृष्णवर्णीय मध्यमवर्ग मुख्यतः तिथेच उभा राहिला. त्यामुळे सरकारी नोकरकपातीचा फटकाही त्यालाच जास्त बसतो.

नियम एक, लाभ अनेक

खाते पद्धतीत विषमता कशी वाढते, याच्या चार पायऱ्या आम्हाला दिसतात.

पहिली पायरी, खाते असण्याची. खाते मालकाने दिले तरच सहज मिळते. एएआरपी या वृद्धांच्या संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार खासगी क्षेत्रातील सुमारे ६४ टक्के हिस्पॅनिक, ५३ टक्के कृष्णवर्णीय आणि ४५ टक्के आशियाई कामगारांना नोकरीच्या ठिकाणी बचतीची कोणतीच योजना उपलब्ध नव्हती. हॉटेल, बांधकाम, साफसफाई, घरपोच सेवा, छोटी दुकाने या ठिकाणी अशा योजना क्वचितच असतात, आणि या कामांत कोण असते हे वेगळे सांगायला नको.

दुसरी पायरी, करसवलतीची. खात्यात टाकलेल्या रकमेवर आयकर तेव्हा लागत नाही. जो ३७ टक्के कर भरतो, त्याचे १,००० डॉलरमागे ३७० डॉलर वाचतात. जो १२ टक्के भरतो, त्याचे १२० वाचतात. ज्याचे उत्पन्न इतके कमी आहे की आयकरच लागत नाही, त्याचे काहीच वाचत नाही. म्हणजे ज्याला मदतीची गरज सर्वात कमी, त्याला सरकार सर्वात जास्त देते.

तिसरी पायरी, मालकाच्या वाट्याची. मालक बहुधा कामगाराने टाकलेल्या रकमेच्या प्रमाणात भर घालतो. ज्याला घरभाडे, शैक्षणिक कर्ज आणि गावाकडच्या आईवडिलांचा खर्च भागवून काही टाकता येत नाही, त्याला ती भरही मिळत नाही.

चौथी पायरी, काळाची. समजा एक कामगार तिसाव्या वर्षापासून दरमहा २०० डॉलर टाकतो, मालक १०० घालतो आणि वर्षाला ५ टक्के वाढ मिळते. पासष्टाव्या वर्षी त्याच्याकडे सुमारे ३,४१,००० डॉलर होतील. दुसरा कामगारही दरमहा २०० डॉलरच टाकतो, पण चाळिशीत सुरू करतो आणि त्याच्या मालकाची भर नाही. त्याच्याकडे सुमारे १,१९,००० होतील. स्वतःच्या खिशातून पहिल्याने ८४,००० टाकले, दुसऱ्याने ६०,०००. टाकलेल्या रकमेत दीडपटीहूनही कमी फरक, हाती आलेल्या रकमेत जवळपास तिप्पट. दोघांपैकी कोणीही आळशी नाही, उधळ्या नाही.

मुदतीआधी मोडलेले खाते

साडेएकोणसाठ वर्षांच्या आत खात्यातून पैसे काढले तर आयकराबरोबर साधारणपणे १० टक्के दंड बसतो. तरीही कृष्णवर्णीय कामगारांत मुदतीआधी पैसे काढण्याचे प्रमाण जास्त आढळते. आजारपण, नोकरी जाणे, गाडी बंद पडणे, भावाची फी अशा अडचणी सगळ्यांनाच येतात. फरक असा, की गौरवर्णीय मध्यमवर्गीय तरुणाला अशा वेळी आईवडील पैसे देऊ शकतात. कृष्णवर्णीय तरुण बरेचदा स्वतःच आईवडिलांना पैसे देत असतो. घरातला पहिला पगारदार म्हणजे सगळ्या कुटुंबाची विमा कंपनी, हे आपल्या वस्त्यांतील पहिल्या पिढीच्या नोकरदारांना समजावून सांगावे लागणार नाही.

करनोंदी आणि जनगणनेची माहिती जोडून अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अलीकडच्या अभ्यासातही हेच दिसते. सारखे उत्पन्न असतानाही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कामगारांची खात्यातील भर कमी असते, आणि या फरकाचा मोठा भाग आईवडिलांच्या आर्थिक स्थितीशी जोडलेला असतो. करसवलत आणि मालकाचा वाटा हा फरक कमी करण्याऐवजी वाढवतात.

घर हीच पेन्शन, पण कोणाची?

सामान्य अमेरिकी कुटुंबाची मोठी पुंजी म्हणजे घर. कर्ज फिटलेले घर असले की म्हातारपणी भाडे वाचते आणि वेळ पडल्यास ते विकताही येते. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने दाखवून धोकादायक ठरवल्या गेल्या आणि तिथे कर्जाची हमी नाकारली गेली. निवासातील भेदभावाला बंदी घालणारा कायदा १९६८ मध्ये आला. तोवर उपनगरांतील घरे गौरवर्णीयांनी स्वस्तात घेऊन झाली होती आणि त्यांच्या किमती वाढू लागल्या होत्या. आजही गौरवर्णीयांत स्वतःचे घर असलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आहे, कृष्णवर्णीयांत ते सुमारे ४५ टक्के आहे.

हिस्पॅनिक, आशियाई आणि आकड्यांमागचे आकडे

हिस्पॅनिक कामगारांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांच्यातील अनेकजण कागदपत्रांविना राबतात. त्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीची वर्गणी अनेकदा कापली जाते, पण निवृत्तीनंतर त्यांना तिचा लाभ मिळत नाही. ज्यांच्याकडे कागदपत्रे आहेत त्यांनाही पेन्शनसाठी साधारण दहा वर्षांचे नोंदणीकृत काम दाखवावे लागते. रोखीने मजुरी देणारा मालक नोंदच करत नाही, तेव्हा ती वर्षे हिशोबात येत नाहीत.

आशियाई कुटुंबांची मध्यक संपत्ती २०२२ मध्ये ५,३६,००० डॉलर, म्हणजे गौरवर्णीयांपेक्षाही जास्त होती. पण 'आशियाई' या एका शब्दात संगणक अभियंता आणि निर्वासित म्हणून आलेले कुटुंब दोन्ही येतात. एका मोठ्या गटाचा आकडा पोटातील गरिबी लपवतो. आकडे गटवार फोडून मागण्याचा आग्रह का धरायचा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आयुर्मानाचाही येथे संबंध येतो. २०२२ मध्ये अमेरिकेत जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान गौरवर्णीयांत ७७.५ वर्षे, कृष्णवर्णीयांत सुमारे ७३ आणि मूळनिवासी इंडियनांत सुमारे ६८ होते. १९६० नंतर जन्मलेल्यांसाठी पूर्ण पेन्शनचे वय ६७ आहे. तरुणपणीचे मृत्यूही या आकड्यात धरलेले असतात, त्यामुळे साठी गाठलेल्यांतील अंतर इतके मोठे नसते. तरी निवृत्तीचे वय वाढवण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा त्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही, हे स्पष्ट आहे. दुसरीकडे, सोशल सिक्युरिटीचे सूत्र कमी पगारवाल्यांना त्यांच्या पगाराच्या प्रमाणात जास्त देते. म्हणूनच खाते नसलेल्या कुटुंबांसाठी ती आजही सर्वात भक्कम आधार आहे.

उपाय कोणते चालले आहेत

ज्या नोकऱ्यांत योजना नाही तिथे राज्य सरकारने खाते काढून द्यायचे आणि कामगाराने नको म्हटले नाही तर पगारातून आपोआप रक्कम जमा करायची, अशी पद्धत ओरेगॉनने २०१७ मध्ये सुरू केली. कॅलिफोर्निया, इलिनॉय आदी राज्यांतही ती आहे. आपोआप नोंदणी झाली की सहभागातील वांशिक अंतर बरेच कमी होते, असा अनुभव आहे.

डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय कायद्याने २०२७ पासून कमी उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात सरकार थेट भर घालणार आहे. २,००० डॉलरपर्यंतच्या बचतीवर निम्मी, म्हणजे कमाल १,००० डॉलर. आयकर न भरणाऱ्यालाही ती मिळू शकेल, हे महत्त्वाचे.

कनेक्टिकट राज्याने गरीब कुटुंबांतील १ जुलै २०२३ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावे ३,२०० डॉलर गुंतवण्याची योजना आणली आहे. मूल सज्ञान झाल्यावर शिक्षण, घर, व्यवसाय किंवा निवृत्ती-बचतीसाठी ही रक्कम वापरता येईल. ज्याच्या घरात वारसा नाही त्याला समाजाने वारसा द्यावा, हा त्यामागचा विचार.

आपण काय घ्यायचे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने ब्लॅक पँथरचे नाव घेतले. हे नाते घोषणांपुरते न ठेवता हिशोबापर्यंत नेले पाहिजे.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना ठरावीक पेन्शनऐवजी अंशदानाची योजना लागू झाली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. आरक्षणाने सरकारी नोकरीत पोहोचलेल्या पिढीसाठी या बदलाचा अर्थ काय, हे अमेरिकेतील उदाहरणावरून उमजते. कंत्राटी सफाई कामगार आणि घरकामगार या वादाच्याही बाहेर आहेत.

कार्यकर्त्यांना लगेच करता येण्याजोगी कामे आहेत. वस्तीतील कंत्राटी कामगारांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो का आणि कापलेला खात्यात जमा होतो का, हे पासबुकवरून तपासून द्यावे. नोकरी बदलताना निधी काढून मोकळे होण्याऐवजी खाते पुढे वर्ग करावे, कारण कर्मचारी पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि मध्येच पैसे काढले की ती वर्षे वाया जातात. खात्यावर वारसाचे नाव आहे का हे पाहावे. घरकामगारांची कल्याण मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी. आणि कोणतीही योजना जाहीर झाली की तिच्यात कोण आले हे वाचण्याआधी कोण वगळले गेले ते शोधावे. १९३५ च्या कायद्यातील दोन शब्दांनी, शेतमजूर आणि घरकामगार, लाखो म्हाताऱ्यांचे भवितव्य ठरवले होते.